शेवटच्या उपासनेतला मागचा आवाज

लुइस बेट, सोमवार

प्रिय इफी वहिनी,

आपलं प्रेस्बिटेरियन चर्च काल बंद झालं. पणजोबांच्या पिढीने किनाऱ्यावरून दगड वाहून बांधलेलं. आता आम्ही मूठभरच उरलो होतो. शेवटच्या स्तोत्राची ओळ मी आधी एकटीने गाऊन दिली आणि बाकीच्यांनी ती नेहमीसारखी मागून उचलली. पण आवाज मूठभरांचा नव्हता. रिकाम्या बाकांवरूनही लोक गात होते. एक जण सगळ्यांच्या मागे रेंगाळत होता.

आईने मागे न बघताच दटावलं, "टोरमोड, सगळ्यांबरोबर गा की रे!"

दादा होडीसकट बुडाला, त्याचा देहसुद्धा मिळाला नाही, हे ती विसरलेली नाही. पाळकांनीही ऐकलं असावं. त्यांनी शेवटची प्रार्थना अर्ध्यावरच आटोपली.

बाहेर आल्यावर ते कुलूप लावू लागले, तशी आई म्हणाली, "थांबा, माझा मुलगा आत आहे."

तेवढ्यात आतून दादाने विचारलं, "आई, इफी कुठाय?"

"येतेय रे," आई म्हणाली. "निघालीये ती."

कॅनडात तुझा नवा संसार आत्ता कुठे लागतोय. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. वहिनी, तू इकडे कधीच येऊ नकोस.

तुझी नणंद,
पेगी