कुणी हात पुढे करेपर्यंत

१० जून

गेली!

सकाळी डे मॉइनला भरती-कार्यालयात शपथविधी झाला. रांगेतली सगळी मुलं म्हणाली, "शपथ घेतो." आमची टॅबी म्हणाली, "वचन देते." आधीच सांगून ठेवलं होतं तिने. अधिकारी म्हणाला होता, "शपथ नको? का बरं?"

"आम्ही क्वेकर पंथाचे आहोत, सर. आमच्यात शपथ घेत नाहीत. खरं रोजच बोलायचं असतं."

"मग नौदलात जड जाईल तुला," तो म्हणाला आणि हसला. तीही हसली. शेजारी उभ्या बायकोने, मॅरियनने, माझं मनगट घट्ट धरलं.

आमच्या घराण्यात आजवर कुणी शपथ घेतली नाही आणि कुणी बंदूकही धरली नाही. पोरीने पहिलं पाळलं. दुसऱ्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही असं ठरवलं होतं. काढलं नाही. पण न बोलणं म्हणजे पाठीशी उभं राहणं का? की नुसतं वाटेतून बाजूला होणं?

११ जून

काल वही मिटली आणि तिचा फोन आला. प्रशिक्षण-छावणीत पोचल्यावर मुलांच्या हातात एक कार्ड देतात, तेवढंच वाचायचं. तिने एका दमात वाचलं— "मी पोचले. सुखरूप आहे. माझे कपडे पेटीतून परत येतील. पत्ता नंतर कळवेन." आवाज तिचा, चाल दुसऱ्याच कुणाची. मागे कुणीतरी खेकसत होतं. वाचून झालं आणि ती क्षणभर थांबली.

मी गप्प राहिलो.

रागाने नव्हे! आमच्या रविवारच्या प्रार्थनासभेत कुणी उठून मनातलं बोललं की आपण लगेच त्यावर बोलत नाही. शब्द खाली बसू देतो. जन्माची सवय. पोर कार्डावरचं वाचतेय, डोक्यावर माणूस ओरडतोय, आणि मी तिचे शब्द खाली बसू देतोय! फोन कटला.

"अरे, काहीतरी बोलायचंस!" मॅरियन.

"बोलणारच होतो."

"कधी? रविवारी?"

मग तिला हसू आलं. मला नाही. त्या पोरीने घरून शेवटची गोष्ट कोणती नेली? बापाचं न बोलणं. तिने त्याचा काय अर्थ लावला असेल?

१९ जून

पेटी आली. निळा टी-शर्ट, जीन्स, बूट. बुटांत मोजे कोंबलेले— घरी असती तर ओरडलो असतो. मॅरियनने टी-शर्ट नाकाशी धरला आणि धुवायला टाकेना. "ट्रॅक्टरच्या तेलाचा वास आहे रे अजून," म्हणाली. मी बूट पुसून दाराशी ठेवले. मग वाटलं, हे काय, मेलेल्याचे ठेवावेत तसे! उचलून तिच्या खोलीत टाकले. एक इकडे, एक तिकडे. ती टाकते तसे.

२२ जून

तिच्याशिवाय पहिली सभा. विनिफ्रेड कॉपॉक नेहमीसारखी समोरच्या बाकावर. नव्वदी उलटली, पण पाठ ताठ. तासभर शांततेत बसायचं, आणि विनिफ्रेडने शेजारच्याचा हात हातात घेऊन हलवला की सभा उठली. टॅबी लहानपणी त्या हाताकडे मांजरीसारखी टपून असायची. पाच वर्षांची असताना एकदा धीर संपला. उठली, तुरुतुरु पुढे गेली आणि विनिफ्रेडचा हात धरून स्वतःच हलवला. उठवली सभा! अर्ध्यातच! सगळे हसले. विनिफ्रेड म्हणाली, "हिला घाई आहे. उठा आता."

आज सभेत कॅल्विन उठून म्हणाला, "आपण टॅबीसाठी प्रार्थना करू. तिच्या जहाजासाठी नाही." मला राग आला. घरी येईपर्यंत वाटत राहिलं— हेच वाक्य गेल्या वर्षी मी दुसऱ्याच्या मुलाबद्दल बोललो असतो.

२९ जून

फोनबद्दल तिला लिहायला बसलो. चार पानं झाली. वाचली तर पत्र नव्हतंच, माझी बाजू होती. फाडली. मग लिहिलं की कुत्रा बरा आहे, मका खांद्याला लागला, आणि तुझी फार आठवण येते. तेवढंच पाठवलं.

४ जुलै

पेट्रोलपंपावरचा डॅरिल हात हलवून ओरडला, "पोरीला देशसेवेबद्दल आमचे आभार सांगा, मास्तर!" शाळेत माझ्या रसायनशास्त्रात दोनदा नापास झालेला. ते आभार घ्यावेत की नाहीत, कळेना. "सांगतो," म्हणालो. आता सांगायला हवेत. कबूल केलंय.

१३ जुलै

तिचं पत्र! पेन्सिलीने, घाईत. पोहण्यात पहिली आली— आमच्या तळ्यातल्या गाळात पोहणारी! इंजिनांचंच काम मिळणार म्हणून खूश आहे. जाण्याआधी मॅरियन तिला म्हणाली होती, "निदान रुग्णसेवेत तरी जा." तेव्हा टॅबी काय म्हणाली होती? "मला इंजिनं आवडतात, आई. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी नर्स होऊ?" किती खरं बोलली.

पत्रात फोनचा उल्लेख नाही. "बाबांना सांग, पोस्टाची तिकिटं पाठवा." एवढंच माझ्या नावावर.

२७ जुलै

विनिफ्रेडला घरी सोडताना सगळं सांगितलं.

"तू गप्प राहिलास? बरं केलंस. तोंड उघडलं असतंस तर व्याख्यान दिलं असतंस."

"पण तिला काय वाटलं असेल?"

"मला काय विचारतोस? माझी मुलगी आहे का ती?" मग म्हणाली, "लढायला नकार दिला म्हणून माझ्या मुलाला, ॲल्व्हिनला, तुरुंगात नेलं, तेव्हा फाटकापाशी मी सारखी बोलत होते. पुढे विचारलं तर एक शब्द त्याच्या लक्षात नव्हता. माझी हिरवी टोपी लक्षात होती."

मी म्हणालो, टॅबीच्या दीक्षांत संचलनाला झेंडे असतील, बंदुका असतील. जावं की नाही, ठरत नाही.

"झेंडे बघायला कोण बोलावतंय तुला! टोपी घालून जा," ती म्हणाली आणि गाडीचं दार आपटून गेली.

६ ऑगस्ट

सभागृहाचं छप्पर दुरुस्त करत होतो. फोन घरी राहिला. नेमका आज तिचा फोन! शेवटची मोठी परीक्षा पार पडली, आता ती अधिकृत खलाशी. मॅरियन रडली, ती रडली. आणि शेवटी, "बाबा येणार आहेत ना?"

त्या "ना"ने जेवण गेलं नाही. जी पोर जन्मात कधी बापाबद्दल "ना" लावून विचारत नव्हती!

जाणार. बंदुका असोत, झेंडे असोत. माझा विश्वास बदललेला नाही, पण तो घरी बसून पाळला तर ती एकटी उभी राहील.

१३ ऑगस्ट

शिकागोच्या अलीकडे मुक्काम. अख्खं इलिनॉय पार करेपर्यंत मॅरियनसमोर टॅबीला म्हणायची वाक्यं घोकत होतो. ती म्हणाली, "आता पुरे हं. मी उतरून चालत जाईन."

१४ ऑगस्ट

संचलन संपलं, "सुट्टी!" पुकारलं आणि सगळा जमाव मुलांवर धावला. टॅबी आमच्यासाठी जागीच थांबली होती— पांढरा गणवेश, पांढरी टोपी, चेहरा उन्हाने रापलेला. आधी आईच्या गळ्यात पडली. मग माझ्यासमोर आली. मी तोंड उघडलं. तिने हळूच मान हलवली. नको.

मग आम्ही तसेच उभे राहिलो. चहूकडे रडारड, किंकाळ्या, बँड. आम्ही गप्प. किती वेळ, माहीत नाही.

मग तिने माझा हात हातात घेतला आणि हलवला— विनिफ्रेडसारखा, दोनदा.

"उठली सभा, बाबा," ती म्हणाली. "केवढी लांबली या वेळी! फोनपासून बसलोय आपण."