नवरदेवाच्या गाडीचा क्लच

९ नोव्हेंबर, रविवार
इंजिनचं काम आज पूर्ण. टर्बो बसला, नवा सायलेन्सर बसला, कॉम्प्युटरची सेटिंग झाली. लगेच बडनेऱ्याच्या पुलावर ट्रायल. ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन किंचाळलं, आरपीएमचा काटा वर गेला, गाडी मात्र रांगतच राहिली. मागून कापसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारत पुढे निघून गेला. म्हणजे क्लच घसरतो आहे. खरं तर ही अभिमानाची गोष्ट. इंजिनात इतकी ताकद आली की कंपनीच्या क्लचला ती पेलवत नाही. अपेक्षाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे पयले गाडी चालत होती, आता नाही चालत." बायकोशी मेकॅनिकल विषय काढायचा नाही, असा निश्चय.

११ नोव्हेंबर
अकोल्याहून गोपालचा फोन. अपेक्षाचा एकुलता भाऊ, ३० तारखेला लग्न. नवरदेवाची गाडी म्हणून माझीच पाहिजे म्हणतो. "भाऊजी, आवाज मंडपातल्या लोकायले आयकू आला पाहिजे." पोराला समज आहे. मागून मामाजी, म्हणजे माझे सासरे नत्थुजी, ओरडले, "मी भाड्याची सांगून ठेवतो!" मी नांदगाव पेठच्या कापडमिलमध्ये मेंटेनन्स पाहतो, पण मामाजी चारचौघांत सांगतात, "जवाई मशिनीले तेल देते." भाड्याची गाडी आणायची नाही, असं ठणकावलं. शब्द दिला.

१२ नोव्हेंबर, जेवणाची सुट्टी
क्लचचा अभ्यास करून राहिलो. एक, कंपनीचा साधा. बाद. दुसरा, स्प्रिंग दणकट पण प्लेट साध्यासारखीच. पकडतो घट्ट, सुटतो हळू. आणि मग सिरॅमिकच्या बटणांचा रेसिंग क्लच. व्हिडिओत त्या क्लचची गाडी अशी सुटली की जागेवर फक्त धूर. पण भावनेच्या भरात वाहायचं नाही.

१४ नोव्हेंबर
दुसरा. निर्णय पक्का.

१५ नोव्हेंबर
रेसिंग. गॅरेजवाला धर्मपाल म्हणाला, "भाऊ, वाघाच्या अंगात सशाचं काळीज बसवता काय?" बरोबर आहे. पुण्याच्या दुकानदाराने फोनवर विचारलं, गाडी ट्रॅकवर चालवता की रस्त्यावर? म्हणालो, दोन्ही. त्याने पुन्हा विचारलं, ट्रॅफिक किती असतं? हा काय प्रश्न झाला? ऑर्डर देऊन टाकली.

२४ नोव्हेंबर, सोमवार
बसला! पेडल जरा कडक आहे. डावा गुडघा दुखतो, पण व्यायाम होतो. हाफ क्लच हा प्रकारच नाही: एक तर गाडी उभी, नाही तर सुटलीच. सिग्नलवर थोडे झटके देते. कागदावर लिहिलंय, सुरुवातीला शहरात शांतपणे भरपूर चालवा म्हणजे प्लेट बसते. मी हायवेवर भरपूर चालवली. भरपूर चालवणं महत्त्वाचं.

२७ नोव्हेंबर
अपेक्षाने चालवून पाहिली. गेटमध्ये बंद पडली, पुन्हा बंद पडली, मग सुटली ती थेट समोरच्या माणिकबाईंच्या कुंड्यांपर्यंत. खाली उतरून म्हणाली, "वरातीत नाचणाऱ्याइच्या मांगं चालवा लागते न? कशी चालवसान?" चालवण्याची स्टाइल बदलावी लागते, असं सांगितलं. तर तिने वडिलांना फोन लावला, भाड्याच्या गाडीसाठी. मी तिच्या हातून मोबाइल घेतला. ती भांडली नाही. "एकच भाऊ हाये मले," एवढंच म्हणाली आणि आत गेली. थोडं वाईट वाटलं. लग्नात गाडी पाहील तेव्हा समजेल तिला.

३० नोव्हेंबर, सकाळी ९, अकोला
मूर्तिजापूर केव्हा मागे पडलं कळलंसुद्धा नाही. गाडी म्हणजे पक्षी! मुलं झेंडूच्या माळा बांधत आहेत. मामाजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टायरला हात लावून पाहिला. हळूहळू आदर निर्माण होतो आहे.

१ डिसेंबर, सोमवार
शांतपणे नोंद करतो.
मारुतीच्या देवळापासून वरात निघाली. पुढे बँड, मग नाचणारे, मग मी. पहिल्या गिअरची सगळ्यात हळू चालसुद्धा नाचणाऱ्यांपेक्षा जास्त. क्लच सोडला की गाडी उडी घेई, दाबला की थांबे. गोपालचा फेटा छताला आपटत होता. करवली म्हणून शेजारी बसलेल्या त्याच्या चुलतबहिणीच्या, प्रतीक्षाच्या, हातातला पाण्याचा लोटा नवरदेवाच्या मांडीवर सांडला. तो म्हणाला, "भाऊजी, पायी जातो न मी." मी म्हणालो, प्लेट बसते आहे. बँडवाल्याने गाडीच्या उड्या पाहून ठेका बदलला. लोक शिट्ट्या मारू लागले. मोबाइल वर झाले.
लग्नाच्या लॉनच्या कमानीजवळ खालून 'खाड्' असा आवाज आला. इंजिन चालू, गाडी जागेवर. इथे स्पष्ट लिहून ठेवतो: क्लचला काहीही झालं नाही. क्लच उत्तम. तुटला तो ॲक्सल.
गोपाल ओल्या शेरवानीत उतरून चालत गेला. मामाजींनी धोतर खोचलं आणि चार पाहुण्यांना घेऊन मागून गाडी लोटू लागले. स्टिअरिंगवर कुणी तरी लागतं, म्हणून मी बसलो. गाडी हलेना. मामाजी घामाघूम होऊन खिडकीशी आले. म्हणाले, "जवाईबुवा, ब्रेकवरचा पाय तरी काढा."
मंगलाष्टकं मी बाहेरून ऐकली. अक्षता मुठीत तशाच राहिल्या. अपेक्षा एकदा कमानीपर्यंत आली, पाहून परत गेली. मी पॅसेंजरने अमरावतीला आलो. ती काही दिवस तिकडेच थांबणार आहे. लग्नाचा थकवा असतो.

४ डिसेंबर
अपेक्षाने फोन उचलला नाही. गाडी मामाजींच्या अंगणात, ताडपत्रीखाली.
दुपारी अनोळखी नंबर. मूर्तिजापूरचे कुणी गृहस्थ. "ते नाचणारी गाडी तुमचीच न? व्हिडिओ पायला. आमच्या श्यामचं लग्न हाये." मी ताडकन सांगितलं, ती नाचणारी गाडी नाही, परफॉर्मन्स कार आहे. टर्बो, टॉर्क, सिरॅमिक प्लेट, सगळं नीट समजावलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. इतकं शांतपणे आजवर माझं कुणीच ऐकलं नव्हतं.
मग त्यांनी विचारलं, "ते सारं ठीक हाये भाऊ, पण लोटाले माणसं तुमचे का आमचे?"
तुमचे, असं मी सांगितलं.