धूम्रखंड उतरणीला लागलंय का: एक निःपक्ष चौकशी

४ जानेवारी, रविवार. संध्याकाळी साडेसात

धूम्रखंडाला, म्हणजे माझ्या रविवारच्या खेळातल्या जगाला, आज बावीस वर्षं पूर्ण झाली. तेविसावं लागलं.

खेळ उत्तम झाला. तीनपैकी दोन खेळाडू शेवटपर्यंत जागे होते. फासे गोळा करताना माझा दंतवैद्य मित्र म्हणाला, तुला असं नाही का वाटत, की आपलं धूम्रखंड जरा जुनं झालंय? पेशंटला ‘थोडंसं टोचेल हं’ सांगतो त्याच आवाजात म्हणाला. मी म्हटलं, डोंगरही जुनेच असतात. त्यावर तो गप्प बसला. म्हणजे पटलं.

तरी मी मोकळ्या मनाचा माणूस आहे. धूम्रखंडाचे चांगले दिवस सरलेत का, याची चौकशी करायला आजपासून समिती नेमतोय. अध्यक्ष मी. सदस्य मी. सचिवपद रिकामं ठेवलंय, म्हणजे कुणी पक्षपाताचा आरोप करायला नको.

५ जानेवारी, सोमवार

पुरावे तपासले. एकूण रजिस्टरं एकतीस. होऊन गेलेले राजे सेहेचाळीस, पैकी एक्केचाळीस आमच्याच लोकांनी मारले. जगाचा नाश टळला: चौदा वेळा. ही काय उतरणीची लक्षणं आहेत?

मेहुण्याला फोन केला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे मागून कायम घंटा वाजत असते. म्हणाला, भावजी, धूम्रखंडातल्या त्या खानावळीचा मालक बावीस वर्षं आम्हाला एकच वाक्य विचारतोय, ‘काही कामगिरी हवी का, पाहुणे?’ हिशेबाने म्हातारा आता एकशे एकतीस वर्षांचा आहे.

रास्त मुद्दा. लगेच दुरुस्ती केली. मालक आता स्वतःचाच नातू आहे. वाक्य वंशपरंपरेने चालत आलंय.

धूम्रखंड किती झपाट्याने बदलू शकतं, हे यावरून दिसतं.

८ जानेवारी, गुरुवार. लंच टाइम

ऑफिसात किरकोळ गैरसमज. नव्या वसाहतीच्या पाइपलाइनचं ड्रॉइंग मी काल साहेबांकडे पाठवलं. त्यात पंपिंग स्टेशनच्या जागी ‘राक्षसांची खिंड’ लिहिलेलं निघालं. अक्षर माझंच. दोन्ही नकाशे एकाच टेबलावर काढले की असं व्हायचंच.

साहेबांनी विचारलं, हे काय प्रकरण आहे? मी दोन वाक्यांत सांगितलं. हा कल्पनेतला खेळ आहे. जग, राजे, राक्षस, नियम सगळं मी रचतो, आणि बाकीचे एकेक पात्र घेऊन त्यात फिरतात. वाटेत अडचण आली की फासा टाकायचा, वीस आला तर फत्ते, एक आला तर बोंब. दंतवैद्याचा परशूवाला रानटी योद्धा आहे, त्याच्या वर्गमैत्रीण वकीलबाईंची चोरटी आहे, मेहुण्याचा जादूगार.

मग पार्श्वभूमी म्हणून पहिले अकरा राजे सांगितले. सव्वा तास. साहेब इतके रंगले की मध्येच उठून जेवायला गेले तेही त्यांच्या लक्षात आलं नसावं, कारण परत आलेच नाहीत.

११ जानेवारी, रविवार. रात्रीचं जेवण व्हायचंय

आज फार खोलात गेलो. मंडळी किल्ल्याच्या दारापाशी पोचली. वकीलबाई म्हणाल्या, माझी चोरटी दार उघडते. मी त्यांना थांबवलं. त्या दाराला इतिहास आहे. रजिस्टर नववं, पान चाळीस ते अठ्ठ्याऐंशी. वाचून दाखवलं. मग त्या म्हणाल्या, बरं, खिडकीतून जाते. खिडकी बाराव्या रजिस्टरात आहे.

सहा वाजेपर्यंत आम्ही बाहेरच होतो. पण काय बाहेर होतो.

मेहुणा झोपला. नियमाप्रमाणे त्याचा जादूगार ध्यानस्थ धरला. हा जादूगार एव्हाना धूम्रखंडातला सर्वांत मोठा योगी झालाय.

संकल्प: लोकांचं मत घ्यायचं. लेखी. मी सत्याला घाबरत नाही. प्रश्नपत्रिका आजच काढली. पहिला प्रश्न: ‘धूम्रखंड तुम्हाला किती आवडतं? (अ) खूप (ब) फारच (क) शब्दांत सांगणं कठीण.’

१५ जानेवारी, गुरुवार

उत्तरं आली.

मेहुणा: तिन्ही पर्यायांपुढे चहाचा डाग. होकार धरतोय.

वकीलबाई: ‘प्रश्न उत्तर सुचवणारा आहे, हरकत’ असा शेरा मारून खाली स्वतःच चौथा पर्याय घातलाय. ‘(ड) पूर्वी खूप आवडायचं.’ वाक्यात ‘खूप आवडायचं’ आहे. (अ) मध्ये मोजलं.

दंतवैद्य: पानभर लिहिलंय, पण डॉक्टरी अक्षर. मला एक ओळ लागेना. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात नेलं. दुकानदाराने चष्मा वर करून घडाघडा वाचलं: ‘रागावू नकोस, पण काही महिने थांबूया का? तुझ्याकडे यायला आवडतं. तिथे आलो की आम्हाला करायला काही उरत नाही.’ मी म्हटलं, नीट बघा. तो म्हणाला, वीस वर्षं हेच अक्षर वाचतोय. त्या अक्षरावरच संसार चाललाय त्याचा, त्यामुळे वाद घातला नाही. पण या अक्षरावरून लोकांना गोळ्या मिळतात हे धोकादायक आहे.

निकाल: धूम्रखंडाच्या बाजूने दोन, एक अवाचनीय. दणदणीत विजय.

१८ जानेवारी, रविवार. संध्याकाळी सहा

आज कुणी आलं नाही. दंतवैद्याकडे कुणाची तरी दाढ. वकीलबाईंकडे पक्षकार. मेहुणा तर लिफ्टमध्ये अडकला. लिफ्टवाला लिफ्टमध्ये अडकतो यापेक्षा खरं कारण कोणतं असणार?

पण खेळ बंद ठेवायचा नाही, हे बावीस वर्षांचं व्रत. तिघांच्या वतीने मीच खेळलो. खुर्च्या बदलत होतो, त्यामुळे व्यायामही झाला. आणि सांगू नये, पण इतका रंगलेला खेळ कित्येक वर्षांत झाला नव्हता. रानट्याने प्रथमच माझं पूर्ण ऐकून घेतलं. जादूगार जागा होता. आणि चोरटीने, पूल कोसळत असताना, बाकीच्यांना वाचवून स्वतः प्राण दिले. फासा पडला एक. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

बायकोने दारातून डोकावून विचारलं, कुणाशी बोलताय? मी म्हटलं, कमिटी बसलीय. ती म्हणाली, बसू दे, आणि दार ओढून घेतलं.

रजिस्टरात नोंद केली. अधिकृत. शाईने.

२० जानेवारी, मंगळवार

वकीलबाई लंच टाइमला थेट ऑफिसात आल्या. काळा कोट तसाच अंगावर, कोर्टातून सुटून आलेल्या. म्हणाल्या, तुमच्या मेहुण्याकडून कळलं, माझी चोरटी गेली, खरं का? मी रजिस्टर सोबत नेलेलंच असतं, नोंद दाखवली. मला वाटलं, त्या प्रसंगाची भाषा वाचून खूश होतील.

त्या बराच वेळ वाचत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, पहिल्या वर्षी माझी केस आली होती, आठवतं? घटस्फोटाची, माझीच. आठवडाभर कुणाशी एक शब्द बोलायचे नाही मी. रविवारी यायचे, आणि ही कुलपं उघडायची, भिंती चढायची, कुणाला सापडायची नाही. बावीस वर्षं जपली तिला. आणि तुम्ही मी नसताना मारलीत.

डोळे पुसून त्या गेल्या. टेबलावरचा पाण्याचा ग्लास तसाच राहिला.

समितीच्या दृष्टीने हा सर्वांत भक्कम पुरावा. संपलेल्या जगासाठी कोण रडतं?

दुपारी काही काम सुचलं नाही. उन्हाने असेल.

२५ जानेवारी, रविवार

कुणी नाही. कारणंही कळवली नाहीत, म्हणजे फार गडबडीत असावेत.

बायको म्हणाली, तिची माफी मागा. मी म्हटलं, मागणार आहे, पण धूम्रखंडाच्या इतमामाने. चोरटीला परत आणायचं तर पाताळाची सात दारं ओलांडावी लागतील. एका रविवारी एक, असे सात रविवार. बायको म्हणाली, ‘चुकलो’ म्हणायला सात रविवार? ती शाळेत ग्रंथपाल आहे. पुस्तकं वेळेत परत यावीत, एवढीच तिची साहित्यदृष्टी. म्हणूनच मी तिला कधी खेळायला बोलावलं नाही. उगाच कंटाळली असती.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी दहा

सुचलं. अंघोळ करताना सुचलं, आणि तसाच टॉवेलवर येऊन लिहितोय.

धूम्रखंडाचा अंत जाहीर करायचा.

माणसाला घरच्या गोष्टीची किंमत ती हातची जायची वेळ आली की कळते. मेसेज टाकला: ‘पुढच्या रविवारी चार वाजता जगाचा अंत. वेळेवर यावे.’ अंदाज असा: मंगळवारपर्यंत अस्वस्थता, बुधवारी विनवण्या, गुरुवारी दंतवैद्य घरी येऊन हात धरेल. मी आधी नाही म्हणेन. मग विरघळेन. विरघळायचं भाषण लिहून तयार, तीन पानं, हुंदक्यांच्या जागा लाल पेनने.

४ फेब्रुवारी, बुधवार

दंतवैद्याकडून अंगठा. मेहुणा: ‘नक्की येतो. खायला काय आहे?’ वकीलबाई: ‘येईन. तिला बोलू द्यायचं.’

विनवण्या बहुधा उद्या.

८ फेब्रुवारी, रविवार. रात्री आठ

लिहून टाकतो.

सगळे दहा मिनिटं आधी आले. मी दारातच वकीलबाईंना म्हटलं, चुकलो. पाठ केलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. त्या म्हणाल्या, बरं, सुरू करा.

समुद्र चढायला लागला. मी पळायला तीन वाटा ठेवल्या होत्या, तिन्ही ढळढळीत. कुणी त्यांच्याकडे बघेना. रानटी म्हणाला, मी पुलाखाली उतरतो, ती तिथेच असणार. मी रजिस्टर उघडायला गेलो, तर दंतवैद्याने त्यावर हात ठेवला. म्हणाला, राहू दे, फासा टाकतो. वीस पडला. वकीलबाई म्हणाल्या, माझे डोळे उघडतात. रानट्याने तिला खांद्यावर घेतलं आणि टेकडी चढला. तेवढ्यात मेहुण्याचा जादूगार ध्यानातून उठला. बावीस वर्षांत शिकलेल्या सगळ्या विद्या त्याच्याकडे होत्या, म्हणाला, त्यांचं काही नको. मी शेकोटी पेटवतो, बसू सगळे.

बसले. पाणी येत होतं आणि हे जुन्या गोष्टी काढून हसत होते. तो चुकून मारलेला राजा, ती बोकडावरून केलेली चढाई. मेहुण्याला तर ठसका लागला, दंतवैद्याने पाठ थोपटली. मीही हसलो. मधली तीन राज्यं बुडाल्याचं सांगायचं राहून गेलं, कुणी विचारलं नाही.

शेवटी वकीलबाई म्हणाल्या, ती शेकोटीकडे पाठ करून समुद्राकडे बघते. आणि थांबल्या. मी म्हटलं, झालं.

तिघांनी हात मिळवले. दंतवैद्याने कप विसळून ठेवले. जाताना म्हणाला, सुंदर केलंस रे.

भाषण खिशातच राहिलं. काही हरकत नाही. बावीस वर्षांतला सर्वांत थोर खेळ. म्हणजे जग ऐन भरात आहे, हे सिद्ध. उद्या सकाळीच ‘पुढे काय’ म्हणून फोन येतील. रजिस्टर बत्तिसावं आणून ठेवलंय.

९ फेब्रुवारी, सोमवार

फोन बंद पडलाय की काय, म्हणून ऑफिसच्या फोनवरून लावून पाहिला. वाजला.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी चार वाजून दहा

टेबल मांडलंय. कुणी आलं नाही. दुखवटा पाळत असावेत. योग्यच आहे.

बायको ‘जाऊन येते’ म्हणून गेली. कुठे ते विचारायचं राहिलं.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी साडेसात

बायको आजही चारला गेली, सातला आली. जिन्यापासून हसत होती. मी विचारलं. तिने सरळ सांगून टाकलं.

दंतवैद्याचा दवाखाना रविवारी बंद असतो. पेशंट बसायच्या खोलीत तिघं जमतात. नवा खेळ. जग वकीलबाईंचं, नियम एका कागदावर, पाठपोट. बायको पहिल्या रविवारपासून जातेय. तिचं पात्र लोहारीण आहे आणि तिने आज एका राक्षसाला बोलण्यात गुंतवून त्याचीच बेडी त्याला घातली.

मी म्हटलं, तुला असलं आवडतं हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, अहो, बावीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय. सगळे राजे पाठ आहेत मला. तुम्ही कधी विचारलंच नाहीत.

मग म्हणाली, तुम्हीही या. वकीलबाई म्हणाल्या होत्या, ते आले तर येऊ देत.

अर्थ उघड आहे. मार्गदर्शन हवंय त्यांना. पुढच्या रविवारी जाऊन त्यांचं जग जरा सावरून देतो. पात्राची पार्श्वभूमी लिहायला घेतली: निर्वासित सम्राट, चाळीस पानं, वंशवृक्षासह.

१ मार्च, रविवार. संध्याकाळी आठ

दहा मिनिटं उशिरा पोचलो. छाप पडावी म्हणून. सुरू झालं होतं. प्लास्टिकच्या जोडखुर्च्या गोल करून बसलेले, मध्ये प्लास्टरचा जबडा, त्यात फासे टाकतात. मेहुणा टक्क जागा होता. मला टोकाची खुर्ची मिळाली, वजनकाट्याशेजारची.

चाळीस पानं पुढे केली. वकीलबाईंनी वंशवृक्ष आदराने पाहिला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, एका ओळीत सांगा. मी म्हटलं, सम्राट. त्या म्हणाल्या, चला.

चार वाजून वीस मिनिटांनी सम्राट खड्ड्यात पडला. फासा: एक. मेला. मी नियमांबद्दल तीन मुद्दे मांडले. वकीलबाईंनी शांतपणे ऐकून तिन्ही फेटाळले. बायको म्हणाली, मी त्याला मूठमाती देते, आणि सगळे पुढे गेले.

उरलेला वेळ बघत बसलो. त्यांच्या त्या जगाला अजून नावसुद्धा नाही. धड नकाशा नाही. बायको गुहेत शिरली तेव्हा मी खुर्चीच्या काठावर आलो होतो, आत काय आहे ते मला माहीत नव्हतं.

निघताना वकीलबाईंनी कोरा कागद दिला. नवं पात्र लिहून आणा म्हणाल्या, एकच ओळ. आत्ता लिहिली. सातव्यांदा. आधीच्या सहांत राजघराणं येत होतं.

‘हमाल. सामान उचलतो, सांगाल तिकडे येतो.’

बायकोला दाखवली. ती म्हणाली, ‘सांगाल तिकडे’ खोटं वाटतंय, पण राहू दे.