डावा डोळा जरा पुढे

१२ ऑक्टोबर २००८, रेजिना
शुभदा म्हणते, माझा डावा डोळा पुढे आलाय. लग्नानंतर इतकं निरखून तिने प्रथमच पाहिलं असावं. कारण उघड आहे. ऑफिसचा मॉनिटर. उद्यापासून ब्राइटनेस कमी. विषय संपला.

३ नोव्हेंबर
रस्त्यावर लेनच्या रेघा दुप्पट दिसतात. एक डोळा मिटला की ठीक. म्हणजे उपाय सापडला.
संध्याकाळी शेजारच्या हेरॉल्डचा गार्बेज बिन उडवला. दोन दिसत होते, मी मधून गाडी काढली. हेरॉल्डने येऊन बिन उचलून ठेवला. कॅनडाची माणसं समजूतदार.
लेक अनुया म्हणाली, डॅड, यू लुक सरप्राइज्ड ऑल द टाइम. दुर्लक्ष केलं.

२१ नोव्हेंबर
शुभदाने ओढून डॉक्टरकडे नेलं होतं. आज स्कॅनचा रिपोर्ट घ्यायला एकटाच गेलो. नाकाशेजारच्या सायनसमध्ये हाडाची गाठ. कॅन्सर नाही. मी तिथेच उठलो. डॉक्टरांनी पुन्हा बसवलं. गाठ डोळ्याच्या खोबणीत घुसतेय, ऑपरेशन लागेल, तोवर नाक जोरात शिंकरायचं नाही.
घरी फक्त ‘कॅन्सर नाही’ एवढंच सांगितलं. येताना डोनट्स आणले. सर्जनची डिसेंबरची तारीख मार्चवर ढकलली. ऑफिसात बजेटचे दिवस आहेत, माझ्याशिवाय अडतं.

१४ डिसेंबर
सर्दी. नाक शिंकरणार नाही म्हणजे नाही. निश्चय पक्का.

१५ डिसेंबर, सकाळ
शिंकरलं. अगदी थोडं. पापणी फुगून बंद. दाबली की आत काहीतरी कुरकुर वाजतं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं शेवटी शुभदाला सांगावं लागलं. ती ओरडली नाही, त्याचीच भीती वाटली. म्हटलं, मीच ड्राइव्ह करतो. पापणी बोटांनी उघडून पाहिली, समोर नुसता करडा रंग.
हेरॉल्ड हॉस्पिटलात नेतोय. शुभदा मागे बसलीय, माझा कोट धरून. अक्षर वाकडं येतंय, गाडी हलते म्हणून.

२२ डिसेंबर, सॅस्कटून
शिंकरताना खोबणीत शिरलेल्या हवेने डोळ्याची नस दाबली गेली होती. रेजिनाहून त्याच दिवशी इथे पाठवलं, ऑपरेशन झालं, गाठ काढली. डोळा जागेवर बसलाय. दृष्टी किती परतेल, सर्जन सांगत नाहीत. त्यांनी विचारलं, त्रास कधीपासून? मी म्हटलं, हल्लीच. शुभदा म्हणाली, ऑक्टोबरपासून.
आज त्यांनी उजवा डोळा झाकला आणि विचारलं, किती बोटं दिसतात? मी ठामपणे म्हटलं, तीन.
शुभदा हळूच म्हणाली, “अहो, त्यांनी अजून हात वर केलेला नाही.”