धाकटीला समुद्र नकोसा करण्याचा बेत

ती. आक्कास,

तुझ्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या पत्रातच वाकतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला, की अजून तेच डॉक्टरांना औषधं सुचवतात? इकडे सगळं क्षेम आहे. फक्त या मायलेकी माझ्याशी बोलताना मध्येच तोंड फिरवून हसतात. त्याचं कारण दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच कळवतो.

धाकटीची नौदलात निवड झाली. मी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगीचच दोन ग्लास पाणी प्यालो. आक्का, हिचा (म्हणजे तुझ्या भावजयीचा) जीव थाऱ्यावर नाही. बोलून दाखवत नाही, पण मला चेहऱ्यावरून कळतं. नवऱ्याची उभी नोकरी पाण्यावर गेली. थोरल्याचा हात मोडला, आपली आई अंथरुणाला खिळली, छप्पर गळलं, सगळं हिनं एकटीनं निभावलं, आणि मी कुठल्याशा बंदरातून फोन केला की म्हणायची, "इकडे ठीक आहे, तुम्ही जेवलात का?" आता कुठे मी निवृत्त होऊन घरी आलो, तर मुलगी निघाली. आईच्या काळजाला हे कसं सोसायचं? तेव्हा केवळ हिच्यासाठी, धाकटीचं मन वळवायचं मी ठरवलं.

सरळ "जाऊ नकोस" म्हणायची सोय नव्हती. तिला मांडीवर घेऊन जहाजांच्या गोष्टी मीच सांगितलेल्या. रजेवर आलो की तिच्या वेण्याही मीच घालायचो (दोराच्या गाठी येणाऱ्याला वेणी काय जड? सोडवताना शाळेतल्या बाईंना कात्री शोधावी लागली, ते सोड). म्हणून बेत केला, की वारा सुटलेल्या दिवशी तिला लहानशा शिडाच्या होडीतून फिरवून आणायचं. पोटातलं एकदा वर आलं, की पोरगी आपणहून म्हणेल, बाबा, मी बँकेत जाते.

होडीवाला म्हातारा, मितभाषी. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "साहेब, पाण्याची सवय आहे ना?" मी नुसता हसलो. (ते हसू हल्ली मला अंघोळ करताना आठवतं.) हीसुद्धा टोपी घालून बरोबर आली. निघण्यापूर्वी मी धाकटीला भरपेट खायला लावलं आणि तिला संशय येऊ नये म्हणून स्वतः चार उकडलेली अंडी खाल्ली.

बंदराची भिंत ओलांडली आणि लाटा लागल्या. मोठं जहाज डुलतं त्याला काही रीतभात असते गं, आधी इकडे, मग तिकडे. ही होडी आम्हाला सुपात घालून पाखडत होती. मी धाकटीला वाऱ्याची दिशा कशी ओळखावी ते समजावत होतो. निम्मं वाक्य झालं. उरलेलं समुद्रात गेलं, आणि त्यापाठोपाठ चारही अंडी.

मी काठावरून इतका बाहेर वाकलो, की होडीवाल्याला सुकाणू सोडून माझा पट्टा धरावा लागला. होडी आडवी फिरली, एक लाट सरळ आत आली, हिची टोपी गेली. तेवढ्यात धाकटीनं सुकाणू धरलं. आरडाओरडा नाही, काही नाही. "काका, शीड सैल करते," म्हणाली. "कर, पोरी," म्हातारा म्हणाला. "आई, डोकं खाली घे. बाबांना आडवं कर." मग लाटेला तोंड देत तिनं होडी सावकाश वळवली. मी तळाशी, हिच्या मांडीवर डोकं ठेवून, पोरीकडे बघत होतो. नजर पाण्यावर, हात स्थिर. हाताखालच्या कितीतरी नव्या अधिकाऱ्यांत मी ती नजर शोधली, क्वचित सापडली.

धक्क्यावर उतरल्यावर होडीवाला म्हणाला, "पोरीला कधीही आणा साहेब. तुम्ही मात्र इथे बाकावर बसा."

तर आक्का, माझ्या शब्दाला आता या घरात किती वजन उरलंय ते तू ओळखलंसच. चार दिवस येऊन जा. हिची अवस्था बघवत नाही. तूच धाकटीला समजाव. मोठ्या आत्याचं ती ऐकेल.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा भाऊ

ता.क. पाकिटाला डिंक आणायला उठलो तेवढ्यात हिनं पत्र वाचलं. म्हणते, "माझा जीव चांगला थाऱ्यावर आहे. पोरीच्या कपड्यांवर नावं टाकून झाली, बूट आणून झाले. वन्सं मला दोष देतील. तुम्हाला करमणार नाही, तसं सरळ लिहा ना."

पुन्हा ता.क. तसं लिहितो. तिला समजावू नकोस, पण ये. तिला गाडीवर सोडायला जायचं आहे, आणि निरोप देणाऱ्यांच्या बाजूला मी आजवर कधी उभा राहिलेलो नाही. हिला विचारलं, गाडी सुटल्यावर काय करायचं असतं? म्हणाली, घरी येऊन सगळ्या चादरी धुवायला काढायच्या. तू असलीस तर बरं. पिळायला दोन माणसं लागतात, आणि हिच्यासमोर मला रडता येणार नाही.