नैवेद्याचं मीठ

आई,

आज घरात आलं ते असं: तूरडाळ एक किलो, गूळ अर्धा, देवाला वीस रुपयांची फुलं, आणि माझं रक्त घ्यायला ठाण्याच्या इस्पितळातून एक मुलगी. तिचे पैसे काही नाहीत. फुकट म्हटल्यावर मला आधी शंकाच आली, पण तुझ्या नातीने परस्पर नाव घातलेलं, नाही कसं म्हणणार.

तुझं विसरणं माझ्यातही येतंय का, ते रक्तात शोधतायत. मुलगी म्हणाली, "काकी, आईकडून आलेली जीन्स तीच राहतात. पण वय, झोप, काळजी, खाणंपिणं याने त्यांच्यावर खुणा पडतात. कुठल्या जीनने काम करायचं, कुठल्याने गप्प बसायचं, ते त्या खुणांवर ठरतं." मला तुझी पोथी आठवली. ओव्या सगळ्यांच्या त्याच, पानांवरचे कुंकवाच्या बोटांचे डाग तेवढे तुझे. विसर पडायच्या आधीच तशा खुणा रक्तात दिसतात का, हे त्यांना बघायचंय. "नक्की काही सांगता येत नाही, अभ्यास चालू आहे अजून. पण पुढे काही दिसलं तर तुम्हाला कळवायचं का?" मी फुलांची पुडी सोडायला घेतली. "आई, हो म्हण ना," तुझी नात म्हणते. "तू मध्ये बोलू नकोस," मी म्हटलं. सोमवारी फोन करून विचारते म्हणून इस्पितळातली मुलगी गेली.

तेव्हापासून आपलं डोंबिवलीचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आहे. मार्गशीर्षातला गुरुवार. नैवेद्याचं चाखायचं नाही, म्हणून ते खारट वरण आधी देवीपुढे गेलं, मग आपल्या पानात. "देवीला आज मीठ जास्त हवं होतं वाटतं!" बाबा म्हणाले, सगळे हसलो. तूही हसलीस. पुढच्या गुरुवारी तू मिठाची बरणी धरून ओट्याशी उभी आहेस, मला हळूच विचारतेस, "घातलं का गं मी?" मला वाटलं, घाईत असशील. शेवटी शेवटी तू मलाच "कुठून आलात?" विचारायला लागलीस, चहा ठेवू का म्हणायचीस.

दिवसभर स्वतःला तपासून दमले गं. गॅस बंद केला का, दिव्यात तेल घातलं का. आज नैवेद्याचं वरण बोटावर घेऊन चाखलं मी, जन्मात पहिल्यांदा. मीठ बरोबर होतं. मग तेच देवीपुढे ठेवलं. तिला सांगितलं नाही, तुला सांगतेय.

बरणी धरून उभी होतीस, तेव्हा तुला कळलेलं होतं का? आणि त्याच्याही आधी कुणी सांगितलेलं तुला चाललं असतं? सोमवारी मला उत्तर द्यायचंय. उलट टपाली कळव.