गुलाबपाणी आणि बिल्ला

दादा,

हातखंब्याच्या स्टॉपवर मला फिट आली, तेव्हा लोकांनी माझ्या नाकाला चप्पल लावली. तू शेजारी उभा राहून म्हणालास, "काय नाय, उपासाने चक्कर आली." तुझ्या ईशाला स्थळं येणार नाहीत म्हणून तू माझा आजार लपवत आलास.

आता मी बिल्ला करून घेतलाय: 'मला फिट येतात. चप्पल हुंगवू नका.' ईशाच्या साखरपुड्याला तो पदरावर लावून दारात गुलाबपाणी शिंपडेन. व्याही वाचतील तेव्हा तुझं तोंड बघायचंय मला.

हे पत्र टाकत नाही, नाहीतर तू मला बोलावणारच नाहीस.

बिल्ले दोन केलेत. दुसरा ईशाने मागितला. तिलाही फिट येतात. सर्वेशला, तुझ्या होणाऱ्या जावयाला, तिने पहिल्याच भेटीत सांगितलं. भीती तिला फक्त तुझी वाटते.

तुझी उपाशी बहीण,
दमयंती